कॉलेज लायब्ररीचं स्टॉक व्हेरिफिकेशन: मोजणीपेक्षा शोधाशोधीला टाइम ठेवा

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या का प्राचार्य साहेबांना स्टॉक व्हेरिफिकेशन, म्हणजे रजिस्टरप्रमाणे पुस्तकं जागेवर आहेत का ते मोजणं, आठवते, त्यात नॅकची (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची) टीम येणार असली तं मग विचारूच नका. तालुक्याच्या गावचं कॉलेज, दहा-पंधरा हजार पुस्तकं, ग्रंथपाल एक, अटेंडंट एक आणि कमवा-शिकाची दोन-चार पोरं, एवढ्यावरच धकवायचं असते. होते व्यवस्थित, फक्त क्रम चुकवू नका.

पहिले नियम सांगून टाकतो कारण ऑडिटवाले तेच विचारतात. केंद्राच्या जनरल फायनान्शियल रूल्स २०१७ मधला नियम २१५ पहा. २०,००० पर्यंत पुस्तकं असतील तं दरवर्षी पूर्ण मोजणी, २०,००० ते ५०,००० असतील तं तीन वर्षांतून एकदा तरी, आणि त्याच्यावर असतील तं तीन वर्षांच्या आत नमुना मोजणी. हजारामागे पाच पुस्तकं हरवली तर चालतात असं सगळे सांगत फिरतात, पण ते हजार म्हणजे वर्षभरात इश्यू झालेली आणि बसून वाचायला दिलेली पुस्तकं, कपाटातली एकूण नाही, आणि तेही कोणाची लबाडी किंवा हलगर्जी नसेल तरच. १,००० रुपयांच्या वरचं पुस्तक किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं असेल तर चौकशी करावीच लागते, तिथं सूट नाही.

आता काम. प्राचार्यांकडून लेखी आदेश घ्या, त्यात समिती नेमलेली पाहिजे आणि समितीत लायब्ररीच्या बाहेरचा एखादा प्राध्यापक हवाच, नाही तर आपणच ठेवलेली पुस्तकं आपणच मोजली असं होते. मग नोटीस लावून इश्यू बंद करा आणि पुस्तकं परत मागवा. पोरं देतात हो, निकालाची नाही तर टीसीची गरज असते त्यांना, अडते ते सरांकडं. विभागात नेऊन ठेवलेली पुस्तकं, "माझ्या घरी आहे, आणतो उद्या" वाली पुस्तकं, यांची नावानिशी यादी करून प्राचार्यांच्या सहीनं पत्र द्या, तोंडी सांगून काही होत नाही.

दुसरी तयारी रजिस्टरची, आणि ही लोक टाळतात. दाखल रजिस्टर, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला नंबर पडतो ते, पहिल्या पानापासून चाळा: मधले सुटलेले नंबर, दोन पुस्तकांना पडलेला एकच नंबर, आधीच खारीज झालेली पुस्तकं, बुक बँकेचं (पोरांना वर्षभरासाठी द्यायच्या पुस्तकांचं) वेगळं रजिस्टर, बाइंडिंगला गेलेली. हे आधी वेगळं काढलं नाही तं शेवटी शे-दीडशे पुस्तकं "हरवलेली" दिसतात जी कधी नव्हतीच.

मोजणीला वेळ सकाळची, ७ ते ११. दुपारी ४५ डिग्रीत कूलरसमोर बसून आकडे चुकतातच, त्यात लाइट गेली की संपलं. पावसाळ्यावर ढकलू नका, काढून ठेवलेली पुस्तकं ओल धरतात.

कॉम्प्युटर नसेल तर नंबरशीट करा, एका कागदावर १०० नंबर, दहा ओळी दहा रकाने. एकानं कपाटातून पुस्तक काढून नंबर सांगायचा, दुसऱ्यानं शीटवर गोल करायचा. नंबर सुटा सुटा सांगा, "सहा नऊ सात नऊ" असा, कारण एकोणसत्तर आणि एकोणऐंशी पंख्याच्या आवाजात सारखेच ऐकू येतात. पुस्तकाचं लेबल निघालं असेल तर सिक्रेट पेज उघडा, लायब्ररीनं ठरवलेल्या त्या पानावर शिक्का आणि दाखल नंबर असतो. उधई लागलेली, फाटलेली पुस्तकं हातात आली की तिथंच बाजूला काढून वेगळ्या यादीत टाका, पण मोजणीत ती हजरच धरायची.

कोहा, म्हणजे लायब्ररीचं सॉफ्टवेअर, असेल तर बारकोड स्कॅनर लॅपटॉपला लावून सरळ नोटपॅडमध्ये स्कॅन करा, एका ओळीत एक बारकोड, दर कपाटाची वेगळी फाइल, मग लाइट-नेट गेलं तरी काम थांबत नाही. एक्सेलमध्ये घेऊ नका, पुढचे शून्य उडवून टाकते ते आणि मग ०००४५ चं ४५ झालं की कोहाला पुस्तक सापडत नाही. फाइल नंतर कोहाच्या इन्व्हेंटरी टूलमध्ये टाकली की न दिसलेल्यांची यादी निघते. सोल या दुसऱ्या लायब्ररी सॉफ्टवेअरमध्येही स्टॉक व्हेरिफिकेशनची सोय आहे.

आता खरं काम इथून. पहिल्या यादीवर कोणाची सही घेऊ नका. आधी इश्यू रेकॉर्डशी ताळा करा, मग ती यादी घेऊन परत कपाटांकडं जा. पुस्तक रांगेच्या मागं पडलेलं असते, कपाटाखाली असते, अर्थशास्त्राचं वाणिज्यात घुसलेलं असते, मोठ्या पुस्तकाच्या पोटात पातळ पुस्तक असते. दोन फेऱ्या तरी करा, दुसरी फेरी पहिल्याच माणसाला देऊ नका, त्याचे डोळे सरावलेले असतात. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीचे गाइड मात्र फार शोधत बसू नका, ते गेले तं गेलेच, पुढच्या खेपेला रीडिंग रूमपुरतेच ठेवा.

अहवालात रजिस्टरप्रमाणे एकूण, प्रत्यक्ष हजर (त्यातली खराब किती ते वेगळं), इश्यूवर, बाइंडिंगला आणि न सापडलेली, असे आकडे जुळवून द्या, न सापडलेल्यांची किमतीसकट यादी जोडा, समितीच्या सह्या घ्या. तो ग्रंथालय समितीपुढं ठेवा, तिथून महाविद्यालय विकास समितीकडं जाऊ द्या, आणि ठराव झाल्याशिवाय रजिस्टरमध्ये एकही पुस्तक खोडू नका. ठराव आला की शेऱ्याच्या रकान्यात लाल पेनानं ठराव क्रमांक आणि तारीख टाका, तो नंबर दुसऱ्या पुस्तकाला कधीच द्यायचा नाही.