कॉपी लावली की कॉम्प्युटर अडकायलाय? नेटवर्क ड्रायव्हरचा दोष असा शोधा

लग्नसराईत लातूर-नांदेडकडच्या फोटो स्टुडिओंतली ही नेहमीची तक्रार. एडिटिंगच्या मशीनवरून अल्बमच्या मशीनवर दीडशे-दोनशे जीबीचं फुटेज लावलं की माउस अडकायलाय, गाणं तुटायलंय, फोटोशॉप उघडंना. कॉपी संपली की सगळं आपोआप सुरळीत. पहिला संशय रॅमवर जातो, दुसरा व्हायरसवर, आणि शेवटी फॉरमॅट मारला जातो. दोष पुष्कळदा लॅन कार्डाच्या ड्रायव्हरचा, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा असतो. फॉरमॅटनंतर विंडोज पुष्कळदा तोच ड्रायव्हर परत बसवतं, त्यामुळे पैसे जातात आणि त्रास जागेवर राहतो.

त्रास होतो कसा, हे आधी समजून घ्या. पुढच्या सगळ्या सेटिंग त्यावरच उभ्या आहेत. लॅन कार्डाकडे डेटाचं पॅकेट आलं की कार्ड प्रोसेसरला हाक मारतं, म्हणजे इंटरप्ट देतं. ड्रायव्हर त्या हाकेची घाईत पोच देतो आणि खरं काम ‘डीपीसी’, म्हणजे थोडं मागे ढकललेलं काम, म्हणून रांगेत टाकतो. प्रोसेसरच्या ज्या कोअरवर (काम करणाऱ्या भागावर) डीपीसी चालू असतं, तिथे तेवढा वेळ दुसरा कुठलाही प्रोग्राम चालत नाही. गिगाबिट लाइन भरून वाहत असेल तर १,५०० बाइटची पॅकेट सेकंदाला ८१ हजारांच्या आसपास येतात. चांगला ड्रायव्हर एका हाकेत पुष्कळ पॅकेट उचलतो. मायक्रोसॉफ्टच्या सूचनेप्रमाणे एक डीपीसी १०० मायक्रोसेकंदांच्या आत उरकलं पाहिजे. बिघडलेला ड्रायव्हर तिथे हजारो मायक्रोसेकंद ठाण मांडतो, आणि तेवढा वेळ माउस हलत नाही.

हळू चालणं वेगळं, अडकणं वेगळं

कॉपी ११-१२ एमबी प्रति सेकंदावर अडली असेल, पण मशीन छान चालत असेल, तर ड्रायव्हरला हात लावू नका. ती १०० एमबीपीएसची लाइन आहे (लाइनचा वेग मेगाबिटमध्ये, कॉपीचा मेगाबाइटमध्ये; आठ बिटांचा एक बाइट). स्विच जुना १०/१०० चा असेल, किंवा केबलच्या चारपैकी एखादी जोडी तुटली असेल. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. म्हणून एक तार सुटली की लाइन गुपचूप खाली उतरते. नेटवर्क कनेक्शन्समध्ये अडॅप्टरच्या ‘स्टेटस’मध्ये स्पीड दिसतो. तिथे १.० जीबीपीएस असेल तर मोठी फाइल सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जायला हवी, अर्थात दोन्हीकडच्या डिस्कला तेवढा वेग झेपत असेल तर.

चाळीस हजार बारीक जेपीजी एकेक करून जात असतील तर वेग पडणारच. प्रत्येक फाइलमागे उघडणं, परवानगी तपासणं, अँटिव्हायरसची झडती, बंद करणं, एवढं होतं. अशा वेळी कॉम्प्रेशन न लावता एकच झिप बनवून पाठवा.

आता डिस्कवरचा संशय बाजूला काढायचा. तीच मोठी फाइल त्याच मशीनवर एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा. नेटवर्कचा संबंध नसतानाही मशीन अडकत असेल तर दोष हार्ड डिस्कचा किंवा स्वस्त एसएसडीचा. स्वस्त एसएसडीची कॅश, म्हणजे लिहिताना वापरायची छोटी वेगवान जागा, भरली की लिहिण्याचा वेग एकदम कोसळतो.

उलट बाजूची चाचणी जास्त पक्की आहे. आयपर्फ३ हा फुकट प्रोग्राम दोन्ही मशीनवर ठेवा, एकीकडे सर्व्हर आणि दुसरीकडे क्लायंट म्हणून ६० सेकंद चालवा. फायरवॉल विचारील, परवानगी द्या. तो डिस्कला हातच लावत नाही, मेमरीतून मेमरीत डेटा ढकलतो. गिगाबिटवर ९४० एमबीपीएसच्या आसपास आकडा यायला हवा. ही चाचणी चालू असताना माउस अडकला तर डिस्क सुटली, नेटवर्कची बाजू सापडली. दिशा उलटवूनही बघा: काही ड्रायव्हर पाठवताना नीट चालतात आणि घेताना मशीन दाबून टाकतात.

नेमका कोण, हे पकडणं

टास्क मॅनेजर उघडा. ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडा, त्याच मेनूतून ‘कर्नल टाइम्स’ही चालू करा. एकूण वापर २५ टक्के दिसतो म्हणून पुष्कळ जण सीपीयूला निर्दोष सोडतात. चार कोअरच्या मशीनवर २५ टक्के म्हणजे एक कोअर पूर्ण भरलेला असू शकतो. कॉपी चालू असताना एकच चौकोन छताला टेकला असेल आणि त्यात गडद कर्नलचा (विंडोजच्या गाभ्याचा आणि ड्रायव्हरचा) भाग जास्त असेल, तर नेटवर्कचं सगळं ओझं एका कोअरवर पडलंय. ‘प्रोसेसेस’मध्ये ‘सिस्टम इंटरप्ट्स’ ही ओळही बघा. एरवी ती एका टक्क्याच्या आतबाहेर असते.

मग लेटन्सीमॉन बसवा, म्हणजे कुठला ड्रायव्हर प्रोसेसर किती वेळ अडवतो ते मोजणारा प्रोग्राम. आधी कॉपी न लावता पाच मिनिटं चालवा, नंतर कॉपी लावून पाच मिनिटं. दोन्ही वेळचे आकडे लिहून ठेवा, कारण एकट्या आकड्याला अर्थ नसतो. ‘ड्रायव्हर्स’ टॅबमध्ये ‘हायेस्ट एक्झिक्युशन’वर क्लिक करून यादी उतरत्या क्रमाने लावा. वर एनडीआयएस डॉट एसवायएस किंवा टीसीपीआयपी डॉट एसवायएस आलं तर बाजू नेटवर्कची. या दोन्ही फाइली विंडोजच्या स्वतःच्या, त्यांना दोष देऊन भागत नाही. त्यांच्या आड कार्डाचा ड्रायव्हर किंवा एखादा फिल्टर (वाटेत पॅकेट तपासणारा दुसरा प्रोग्राम) लपलेला असतो. स्टोरपोर्ट वर असेल तर डिस्ककडे वळा, एनव्हीएलडीडीएमकेएम असेल तर एनव्हिडियाच्या ग्राफिक्सकडे.

ड्रायव्हर बदलताना

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ‘प्रॉपर्टीज’ → ‘डिटेल्स’ → ‘हार्डवेअर आयडीज’ इथे जा. ‘व्हीईएन’च्या पुढे १०ईसी असेल तर चिप रिअलटेकची, ८०८६ असेल तर इंटेलची, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १९६९ म्हणजे अथेरॉस. ड्रायव्हर चिपच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ देणारे प्रोग्राम या कामात नको; एक दुखणं काढून चार देतात. रिअलटेकच्या साइटवर काही ड्रायव्हर पॉवर सेव्हिंग नसलेल्या आवृत्तीतही असतात. दुकानातल्या डेस्कटॉपला तीच बरी.

पुढचा क्रम मोडू नका:

१. नवीन ड्रायव्हर आधी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. जुना काढला की नेट जाईल.
२. आयपी ॲड्रेस, गेटवे, डीएनएस यांचा मोबाइलवर फोटो काढा. सेतू केंद्रात किंवा ऑफिसात प्रिंटर आणि शेअर फोल्डर ठरावीक आयपीवर असतात, आणि डिव्हाइस काढलं की ती सेटिंग पुसली जाते.
३. रिस्टोर पॉइंट बनवा.
४. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करताना ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकोनावर टिक करा. टिक करायची राहून गेली तर रिस्टार्टनंतर जुनाच परत येतो.
५. रिस्टार्ट, नवीन ड्रायव्हर, परत रिस्टार्ट, आणि लगेच आयपर्फ३ व लेटन्सीमॉन.

त्रास विंडोज अपडेटनंतर सुरू झाला असेल तर एवढं करायच्या आधी ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबून बघा. बटण फिकं असेल तर जुनी प्रत उरलेली नाही.

‘ॲडव्हान्स्ड’ टॅब: इथेच सगळे घाण करतात

यूट्यूबवर गेमिंगसाठी सांगितलेली यादी पाहून लोक या टॅबमधलं सगळं ‘डिसेबल्ड’ करून टाकतात. गेमला बारीक पॅकेट लवकर हवी असतात. फाइल कॉपीला मोठा ओघ कमी मेहनतीत हवा असतो. दोघांची गरज उलटी आहे. म्हणून पहिलं काम, कोणी काही बदललं असेल तर मूळ किमतींवर आणा, आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलून मोजा.

‘इंटरप्ट मॉडरेशन’ चालूच हवं. ते बंद केलं की कार्ड पॅकेट साठवून एकदा हाक मारायच्या ऐवजी सारखं हाका मारत सुटतं. जुन्या दोन कोअरच्या मशीनवर एवढ्या एका बदलानेही कॉपीच्या वेळी माउस अडकतो.

‘रिसीव्ह साइड स्केलिंग’ हेही चालू हवं. एका कोअरवर पडणारं ओझं ते अनेक कोअरवर वाटतं, मात्र कॉपी एकाच जोडणीवरून चालली असेल तर फरक कमी दिसेल. ‘चेकसम ऑफलोड’च्या ओळी चालू ठेवा, त्यात पॅकेट बिघडलं नाही ना हे कार्डच तपासतं; बंद केल्या की ती आकडेमोड प्रोसेसरच्या गळ्यात पडते.

‘लार्ज सेंड ऑफलोड व्ही२’ मात्र संशयित आहे. ही सोय तशी चांगली. मोठा तुकडा कार्डाकडे देऊन पॅकेट कापायचं काम त्याच्यावर सोडते. पण काही ड्रायव्हरमध्ये ती नीट लिहिलेली नसते, मग पाठवताना वेग वर-खाली होतो, मधेच शून्यावर येतो. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ अशा दोन्ही ओळी बंद करून तपासा. फरक पडला नाही तर परत चालू करा.

‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ आणि ‘ग्रीन इथरनेट’ डेस्कटॉपवर सरळ बंद करा. विजेची बचत नगण्य, आणि लाइन मधेच डुलकी घेते तो त्रास जातो. ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमधली डिव्हाइस बंद करू देणारी टिकही काढा.

‘रिसीव्ह बफर्स’ (आलेली पॅकेट तात्पुरती ठेवायच्या जागा) खाली उतरवलेले असतील तर वाढवा. रिअलटेकवर ५१२ पर्यंत जातात, इंटेलच्या बऱ्याच कार्डांवर २,०४८ पर्यंत. ‘जम्बो फ्रेम’ला (१,५०० बाइटपेक्षा मोठ्या पॅकेटला) हात नको: दोन्ही मशीन आणि मधला स्विच, तिघांनाही ते जमत असेल तरच उपयोग, नाहीतर कॉपी अर्ध्यात लटकते.

‘स्पीड अँड डुप्लेक्स’ नेहमी ‘ऑटो निगोशिएशन’वर. कोणी एका बाजूला १०० फुल पक्कं केलं आणि दुसरी बाजू ऑटोवर राहिली, तर ऑटोवाली बाजू हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने) धरते. मग टकरा होत राहतात आणि वेग रसातळाला जातो. लाइटी मात्र दोन्हीकडे व्यवस्थित लुकलुकतात, म्हणून हा दोष लवकर सापडत नाही.

ड्रायव्हर चांगला, तरी त्रास

अडॅप्टरच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या टिकांच्या यादीत अँटिव्हायरसचा फिल्टर, व्हीपीएन, व्हर्च्युअलबॉक्सचा ब्रिज, पॅकेट टिपणारं एनपीकॅप असले पाहुणे दिसतात. प्रत्येक पॅकेट यांच्या हातून जातं. मायक्रोसॉफ्टचे नसलेले सगळे अनटिक करून चाचणी घ्या. त्रास गेला तर एकेक परत लावा, दोषी आपोआप उघडा पडेल. अँटिव्हायरस ‘पॉज’ करून हे कळत नाही. फिल्टर तेव्हाही बसलेला असतो. जुना, मुदत संपलेला अँटिव्हायरस कंपनीच्या रिमूव्हल टूलनेच काढा.

मशीन सकाळी चांगलं आणि कॉपी करत करत संध्याकाळी मंद होत असेल तर टास्क मॅनेजरच्या ‘मेमरी’त ‘नॉन-पेज्ड पूल’ (ड्रायव्हर वापरतात ती, कायम रॅममध्येच राहणारी मेमरी) बघा. कॉपीसोबत तो वाढत जाऊन एक-दोन जीबीवर गेला आणि कॉपी थांबल्यावरही उतरत नसेल, तर कुठला तरी ड्रायव्हर मेमरी घेऊन परत देत नाही. नवीन ड्रायव्हरने भागलं नाही तर रजिस्ट्रीची (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्याची) प्रत ठेवून ‘सर्व्हिसेस’खालच्या ‘एनडीयू’मधली ‘स्टार्ट’ची किंमत २ वरून ४ करा आणि रिस्टार्ट करा. ही विंडोजची डेटा-वापर मोजणारी सेवा आहे. ती बंद झाली की सेटिंगमधली डेटा-वापराची नोंद थांबेल, बाकी नेट चालू राहतं.

गाणं लावलं की कॉपीचा वेग पडतो, असं दिसलं तर तो दोष नाही. नेटवर्कच्या डीपीसीमुळे आवाज तुटू नये म्हणून विंडोज व्हिस्टापासून मल्टिमीडिया चालू असताना पॅकेट मुद्दाम रोखते. मूळ मर्यादा मिलिसेकंदाला १० पॅकेट, म्हणजे सेकंदाला साधारण १५ एमबी. कॉपीपुरतं गाणं बंद करा.

यूएसबीचे लॅन अडॅप्टर प्रोसेसरचा जास्त वेळ खातात, आणि यूएसबी २.० च्या पोर्टात लावले तर ३०-४० एमबीच्या वर जात नाहीत. निळ्या यूएसबी ३.० पोर्टात लावा. त्याच्या शेजारी वाय-फायची डोंगल मात्र नको, यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायमध्ये मिसळतो.

सगळं करूनही लाइन सारखी तुटत-जुळत असेल तर मराठवाड्यात एक प्रश्न विचारायलाच हवा: मे-जूनमधल्या विजांनंतर हे सुरू झालं का? वीज बाहेरून आलेल्या केबलवाटे पोर्टात शिरते. पोर्ट प्रत्येक वेळी पूर्ण मरत नाही, अर्धवट जळतो; कधी १०० वर चालतो, कधी दर मिनिटाला लाइन जोडतो आणि तोडतो. इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिस्टम’ नोंदीत लिंक तुटल्याच्या ओळी रांगेने दिसतील. केबल आणि स्विचचं पोर्ट बदलूनही त्या थांबल्या नाहीत तर बायोसमधून ऑनबोर्ड लॅन बंद करा आणि पीसीआय एक्सप्रेसच्या एक्स१ खाचेत वेगळं गिगाबिट कार्ड लावा. आभाळ भरून आलं की भिंतीतला प्लग काढता तशी राउटरकडून येणारी लॅन केबलही काढून ठेवा.