अमेरिकन लेखकाची बदलती भूमिका: वाचनकट्ट्यावर विषय असा घ्या

अमेरिकन साहित्याचा विषय निघाला की आमच्या नाशिकच्या कॉलेज रोडच्या वाचनकट्ट्यावरची मुलं नोबेल विजेत्यांची यादी काढून बसतात. तुमच्या कट्ट्यावरही तसं झालं तर यादी बाजूला ठेवा आणि फळ्यावर दोनच प्रश्न लिहा: लेखकाचं घर कशावर चालत होतं? त्याच्या लिहिण्यानं काय हललं?

सुरुवात हॅरिएट बीचर स्टोवपासून करा. १८५२ साली पुस्तकरूपात आलेल्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या गुलामगिरीविरोधी कादंबरीच्या पहिल्याच वर्षी अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या. बाईंना मताचा अधिकार नव्हता, तरी गुलामगिरीचा वाद त्यांनी घराघरात नेला. इथे फार थांबू नका.

वेळ द्यायचा तो अप्टन सिंक्लेअरला. शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या कामगारांमध्ये राहून त्यानं ‘द जंगल’ ही कादंबरी लिहिली. सॉसेजचा उतारा कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा. उंदीर मारायला ठेवलेला विषारी पाव, मेलेले उंदीर आणि मांस, सगळं एकाच यंत्रात जातं. मग सांगा की ३० जून १९०६ रोजी मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न-औषधांचा असे दोन कायदे झाले. सिंक्लेअरची तळमळ मात्र कामगारांसाठी होती आणि त्यांच्या वाट्याला यातलं फार काही आलं नाही. मुलांना यावर मनसोक्त भांडू द्या. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

मंदीच्या काळात, १९३५ मध्ये, सरकारनंच लेखकांना पगारावर घेतलं. राल्फ एलिसन, झोरा नील हर्स्टन हे कृष्णवर्णीय लेखकही त्यात होते. गुलामगिरी भोगलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या आठवणी या योजनेत टिपल्या गेल्या. इथे मुलांना भांडी बाजारात पाठवा. एखाद्या जुन्या कारागिराशी बोलून त्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत उतरवायचं, भाषा ‘सुधारायची’ नाही.

पुढे लेखक विद्यापीठांत शिकवू लागला. आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ची. त्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला आपले दिलीप चित्रेही गेले होते. २०२३ मध्ये तर पटकथालेखक १४८ दिवस संपावर होते. मानधनाबरोबर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरावर बंधनं, हीही त्यांची मागणी होती.

पुढच्या बैठकीला हेच दोन प्रश्न कुसुमाग्रजांना लावा. त्यांची वृत्तपत्रांतली नोकरी आणि १९३२ चा काळाराम मंदिर सत्याग्रहातला सहभाग, इथून चर्चा सुरू करता येईल.