गालात साठलेला घास: मुलांच्या गिळण्या-चावण्याच्या अडचणींवर घरी करायचे काम

जेवायला बसून पाऊण तास झालेला असतो, ताटातला भात निम्मा तसाच असतो, मुलाच्या उजव्या गालात मघाचा घास फुगून बसलेला असतो आणि आजी ‘गिळ बघू, गिळ’ म्हणत पाण्याचा पेला त्याच्या ओठांना लावत असते. गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत कितीतरी घरांत हे रोज घडते आणि घरची माणसे त्याला नखरे म्हणतात. वाचा-उपचाराच्या कामात अशी मुले पाहताना माझे मत मात्र वेगळे झाले आहे. दोन वर्षांचे मूल घास गालात धरून बसते, तेव्हा पुष्कळदा त्याला तो घास जिभेने दाढांखाली आणता येत नसतो, किंवा आणला तरी पुन्हा गोळा करून मागे ढकलता येत नसतो. न जमणाऱ्या गोष्टीला ओरडून काही साध्य होत नाही. उलट पाण्याबरोबर अख्खा घास घशात लोटला, तर त्यातला काही भाग श्वासनलिकेत उतरण्याचा धोका वाढतो.

गिळताना श्वास क्षणभर थांबतो, श्वासनलिकेचे दार बंद होते आणि घास अन्ननलिकेत जातो. शोषणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ गर्भावस्थेच्या ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो, म्हणून त्याआधी जन्मलेल्या बाळांना दूध पिताना धाप लागते. सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, दुभंगलेला टाळू, जन्मानंतर अनेक आठवडे नळीने दिलेले दूध, तसेच स्वमग्नतेत दिसणारी स्पर्श-चवीची तीव्र नावड, अशी कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो. त्यामुळे शेजारच्या मुलाला लागू पडलेला व्यायाम आपल्या मुलाला लागू पडेलच असे नाही.

घरी काही करण्यापूर्वी

जेवताना किंवा जेवल्यावर वारंवार ठसका लागणे, दूध पिताना ओठ निळसर पडणे, डोळ्यांत पाणी येणे, घशात पाणी खुळखुळावे तसा ओला आवाज येणे, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणे किंवा वजन अडून राहणे, यांपैकी एकही खूण दिसत असेल तर घरगुती प्रयोग थांबवून आधी बालरोगतज्ज्ञांकडे जावे. येथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी: काही मुलांच्या श्वासनलिकेत पाणी उतरते आणि तरीही त्यांना ठसका लागत नाही. ‘आमच्या बाळाला कधी ठसका लागत नाही’ हे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. अशा वेळी बेरियम मिसळलेले अन्न गिळतानाचे क्ष-किरण चित्रण, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून केलेली तपासणी यांतूनच खरे काय ते कळते.

गोव्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि म्हापसा व मडगावची जिल्हा रुग्णालये ही सुरुवात करण्याची सरकारी ठिकाणे आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अशी तपासणी अंतर्भूत आहे, म्हणून अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात शब्द टाकला तरी पुढचा रस्ता सापडतो. खाजगी केंद्रात जायचे असेल तर उपचारकाकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का हे नि:संकोच विचारावे.

पहिल्या भेटीपूर्वी तीन दिवस एक वही ठेवावी: काय दिले, किती वेळ लागला, कोणत्या घासाला मूल अडले, ठसका पाण्याला लागला की भाताला. शिवाय एका संपूर्ण जेवणाचे मोबाइलवर बाजूने चित्रण करावे, ज्यात मान, हनुवटी आणि पाय दिसतील. दवाखान्यात अनोळखी माणसासमोर मूल तोंडच उघडत नाही, तेव्हा हे चित्रण फार उपयोगी पडते.

आधी बैठक, मग घास

पालक जिभेचे व्यायाम विचारत येतात आणि मी आधी पायांकडे पाहते. लोंबकळणाऱ्या पायांनी बसलेले मूल स्वतःला सावरण्यातच शक्ती खर्च करते. जबडा आणि जीभ यांच्यासाठी काही उरत नाही. पाठ टेकलेली, कंबर आणि गुडघे काटकोनात, पावले पूर्ण टेकलेली आणि हनुवटी किंचित खाली, अशी बैठक हवी. त्यासाठी महागडी खुर्ची घेण्याची गरज नसते. साध्या खुर्चीत पाठीमागे उशी, दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल आणि पायांखाली घरातला लाकडी पाट ठेवला तरी पुष्कळ काम होते. एका मुलीच्या पायांखाली पाट सरकवल्याबरोबर तिची मान स्थिर झाली आणि चमचा येताना ती तोंड आपणहून उघडू लागली. तिच्या आईने त्या दिवशी दुसरे काहीही बदलले नव्हते.

भरवणाऱ्याने मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर, समोर बसावे. उभे राहून भरवले की मूल वर पाहते, मान मागे जाते आणि श्वासमार्ग उघडा पडतो. ओसरीत मुलाच्या मागे फिरत भरवणे आणि बाळाला मांडीवर आडवे घेऊन बोंडल्याने घशात धार सोडणे, या दोन सवयी मायेपोटी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, पण गिळण्यात अडचण असलेल्या मुलासाठी त्या धोक्याच्या आहेत. नाक दाबून औषध पाजणे तर कोणत्याही मुलाच्या बाबतीत करू नये.

पेज हलकी असते, सोपी नसते

आजारी माणसाला पेज, दात नसलेल्याला पेज, बाळालाही पेज, असा आपला रिवाज आहे. पचायला उकड्या तांदळाची पेज हलकी असते यात वाद नाही, परंतु गिळण्याच्या दृष्टीने तो कठीण पदार्थांपैकी एक आहे, कारण त्यात एकाच घासात दोन गोष्टी असतात: पाणी, जे लगेच घशाकडे धावते, आणि दाणे, जे चावण्यासाठी तोंडात थांबवावे लागतात. ज्याची जीभ मंद आहे, त्याचे पाणी दाणे चावून होण्याआधीच घशात उतरते आणि ठसका लागतो. हुमणाच्या (माशाच्या आमटीच्या) पातळ रसात कालवलेला मोकळा भात, दुधात बुडवलेले पोहे आणि तुकडे घातलेले सूप यांचीही तीच अडचण असते. उपाय सोपा आहे. पेज गरम असतानाच घोटून एकजीव करावी, किंवा दाणे वेगळे काढून थोड्या तुपासह मऊ कुस्करून द्यावेत. वरचे पाणी द्यायचे की नाही हे उपचारकाने ठरवावे.

भाजीवर भुरभुरलेले ओले खोबरे हीदेखील अशीच एक न दिसणारी अडचण. त्याचे कण तोंडभर पसरतात, ते गोळा करायला जिभेचे कौशल्य लागते, आणि मूल ते थुंकते किंवा उमासा काढते. खोबरे वगळण्याची गरज नाही. ते वाटून रसात घालावे. माशाचा मऊ गर चालतो, मात्र काटे बोटांनी चाचपून दोनदा पाहावेत. काजूच्या हंगामात घरभर पसरलेले काजू, शेंगदाणे, भाजलेले चणे आणि अख्खी द्राक्षे चार वर्षांखालील कोणत्याच मुलाला देऊ नयेत.

पदार्थ किती घट्ट आहे हे सांगताना ‘थोडे दाट’ म्हणजे काय याबद्दल आई, आजी आणि उपचारक यांच्या कल्पना तीन असतात. म्हणून आता जगभर आयडीडीएसआय नावाची शून्य ते सात पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. तिची द्रवांसाठीची चाचणी घरी करता येते. १० मिलिलिटरची सुईविना सिरिंज घ्यावी. तिच्यावरील शून्य ते दहा या खुणांमधील अंतर ६१.५ मिलिमीटर असावे. दट्ट्या काढून, टोक बोटाने दाबून, १० मिलिलिटरपर्यंत द्रव भरावा, बोट काढून १० सेकंद सोडावा आणि पुन्हा दाबावा. आत १ मिलिलिटरपेक्षा कमी उरले तर द्रव पातळ, १ ते ४ उरले तर किंचित घट्ट, ४ ते ८ उरले तर थोडा घट्ट आणि ८ पेक्षा जास्त उरले तर मध्यम घट्ट समजतात. कुस्करलेल्या अन्नाची गुठळी लहान मुलांसाठी साधारण २ मिलिमीटरपेक्षा मोठी नसावी, आणि मऊ तुकड्यांच्या पायरीवर तुकडा ८ मिलिमीटरपर्यंत चालतो. आपल्या मुलाची पायरी कोणती, हे मात्र तपासणीनंतरच ठरते.

नाचणीच्या सत्त्वाबाबत एक बारकावा सांगते तेव्हा पालकांना नवल वाटते. सत्त्व थंड होताना घट्ट होते, हे सर्वांना ठाऊक असते. पण मुलाच्या तोंडातून आलेला चमचा पुन्हा वाटीत बुडवत राहिले की लाळेतील घटक पिष्ट तोडतो आणि जेवण संपेपर्यंत वाटीतले सत्त्व पातळ झालेले असते. शेवटच्या चार चमच्यांनाच ठसका लागत असेल, तर कारण बहुधा हेच असते. थोडे थोडे दुसऱ्या वाटीत काढून घ्यावे. बाजारात मिळणाऱ्या घट्ट करणाऱ्या पुडी मात्र मनाने वापरू नयेत, विशेषतः मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांसाठी झँथन गमयुक्त पुडी टाळावी, कारण आतड्यांच्या गंभीर विकाराशी तिचा संबंध आढळला आहे.

चमचा, पेला आणि दाढ

चमचा उथळ आणि अरुंद असावा. तो सरळ समोरून आणून जिभेच्या मध्यावर हलके टेकवावा, आणि मूल वरचा ओठ खाली आणून घास काढून घेईपर्यंत थांबावे. चमचा वरच्या हिरडीवर खरवडून रिकामा केला, तर ओठ मिटण्याचा सराव कधीच होत नाही. पुढचा चमचा मागचा घास गिळल्याची खात्री झाल्यावरच द्यावा. घाई करणाऱ्या हाताला हे फार जड जाते. पेल्याने पाणी पिताना मान मागे जाऊ नये म्हणून मऊ प्लास्टिकच्या पेल्याची एक कड अर्धचंद्राकार कापून कडा गुळगुळीत करावी आणि तो भाग नाकाकडे ठेवावा.

चावणे शिकवायचे तर घास जिभेवर न ठेवता दाढांवर ठेवावा. शिजवलेल्या गाजराची किंवा रताळ्याची बोटाएवढी लांब कापटी एका टोकाला आपण धरावी, दुसरे टोक गालाच्या बाजूने दाढांवर टेकवावे, तीन-चार चावे झाले की बाजू बदलावी. सुरुवातीला जबडा नुसता वर-खाली होतो. गोल फिरवत चावणे दुसऱ्या वर्षात हळूहळू येते. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू होते, आणि नऊ-दहा महिन्यांपर्यंत गुठळ्या असलेले अन्न मिळाले नाही तर पुढे मुले ते नाकारतात, असे अनेकदा दिसते. त्यामुळे निरोगी मुलालाही वर्ष होईपर्यंत मिक्सरमधलेच भरवत राहणे योग्य नाही. नवा पदार्थ मूल दहा-पंधरा वेळा पाहून, हाताळून मग तोंडात घालते. तिसऱ्या नकारावर पानातून काढून टाकू नये. जेवण अर्ध्या तासात आवरावे, उरले तर उरू द्यावे.

घास अडकून मूल खोकू शकत असेल तर खोकू द्यावे. आवाजच निघत नसेल, तर वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली ठेवून पाठीवर खांद्यांच्या मध्ये पाच थापा आणि मग उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच दाब द्यावेत, तोवर कोणीतरी १०८ ला फोन करावा. न दिसणाऱ्या घासासाठी घशात बोट घालू नये.

बोलण्याचे काम वेगळे

चावणे सुधारले की बोलणे आपोआप येते, ही समजूत खूप पसरलेली आहे. पिपाणी वाजवणे, फुंकर घालणे, जीभ नाकाला लावणे यांनी उच्चार सुधारल्याचा भक्कम पुरावा नाही. जिभेला वेखंड चोळण्याबद्दलही तेच. उच्चार सुधारतात ते उच्चारांच्याच सरावाने. आधी श्रवणचाचणी करून घ्यावी, कारण नीट ऐकू येत नसेल तर बाकी सारे व्यर्थ जाते. मग ओठ मिटून येणारा ‘प’ घ्यावा: पाव, पाणी, पोळी. समोरासमोर बसून, वस्तू हातात देताना, पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा. तीन वर्षांचे मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. ‘र’ आणि ‘ळ’ तर आणखी उशिरा येतात. मात्र चौथ्या वर्षी परक्या माणसाला बहुतेक बोलणे कळायला हवे. घरात कोकणी, शाळेत मराठी आणि शेजारी इंग्रजी, म्हणून मूल मागे पडते असे सांगून घरची भाषा बंद करायला लावणाऱ्यांचा सल्ला मानू नये, कारण दोन भाषा ऐकल्याने वाचादोष होत नाही. टाळू दुभंगलेला असेल, तर शस्त्रक्रियेनंतरही नाकातून येणाऱ्या आवाजासाठी वाचा-उपचार लागू शकतो.

पुढच्या भेटीला जाताना वही, मोबाइलमधले चित्रण, मूल रोज ज्याने जेवते तोच चमचा आणि घरचा एक डबा न्यावा. डब्यात मूल आवडीने खाते तो एक पदार्थ आणि ज्याला अडते तो दुसरा पदार्थ, दोन्ही असावेत.