फिल्म सोसायटीत ‘जॉनी मॅड डॉग’ दाखवायचा असेल तर

ज्याँ-स्तेफान सोव्हेर यांचा हा २००८ चा फ्रेंच चित्रपट लायबेरियात चित्रित झाला. बंदूकधारी मुलांच्या भूमिकांत तिथल्या यादवीत खरोखर लढलेली मुलं आहेत. म्हणून या खेळाची तयारी नेहमीपेक्षा जास्त हवी.

आधी हक्क. घरगुती डीव्हीडी सार्वजनिक खेळाला चालत नाही. वितरकाची लेखी परवानगी घ्या, मराठी उपशीर्षकांची परवानगीही त्याच पत्रात मागा. प्रवेश १८ वर्षांवरील. सुरुवातीलाच एका मुलाला स्वतःच्या बापावर गोळी झाडायला लावतात, पुढे बलात्कार आहे. हे पत्रकात छापा. दारात तोंडी सांगून भागत नाही.

उपशीर्षकं हवीतच. संवाद लायबेरियन बोलीतल्या इंग्रजीत आहेत. कळतंय असं वाटतं आणि निम्मं निसटतं. एका वेळी दोनच ओळी, प्रत्येक ४० अक्षरांच्या आत. उपशीर्षकांची फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात साठवली नाही तर देवनागरीऐवजी भलतीच चिन्हं उमटतात. आदल्या दिवशी त्याच प्रोजेक्टरवर पाहा, कारण खालच्या ओळीचे उकार अनेकदा कापले जातात.

प्रास्ताविक ५ मिनिटांचं. यादवी १९८९ ते १९९७ आणि १९९९ ते २००३ अशी दोनदा पेटली, एवढं पुरे. चित्रपट देशाचं नाव घेत नाही आणि मूळ कादंबरीचे लेखक इमान्युएल डोंगाला काँगोचे. त्यामुळे ‘आफ्रिकेत असंच चालतं’ हा सूर फार लवकर लागतो. या तारखा आधी सांगितल्या की तो आवरता येतो.

मध्यंतर नको, ताण तुटतो. चर्चा १० मिनिटांनी सुरू करा, आणि ‘गुन्हेगार की बळी?’ असं कधीच विचारू नका. सभागृहाचे दोन गट पडतात आणि चित्रपट बाजूला राहतो. मैत्रीपासून सुरुवात करा. या पोरांची एकमेकांवरची माया खरी आहे, आणि तीच त्यांना टोळीत जखडून ठेवते. मग विचारा: यांना ‘मॅड डॉग’सारखी नावं कुणी दिली? फुलपाखराचे पंख, लग्नाचा झगा अंगावर का? अधू बापाला हातगाडीवरून नेणारी लाओकोले वयाने त्यांच्याएवढीच, तिचं जग वेगळं कसं राहिलं?

कायद्याचा मुद्दा निघेलच. १५ वर्षांखालच्या मुलांना भरती करणं किंवा लढायला लावणं रोम संविधीनुसार (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा मूळ करार) युद्धगुन्हा आहे. लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर २०१२ मध्ये सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरले, त्यात हाही होता. शिक्षा ५० वर्षांची.

दाराशी एक कार्यकर्ता पूर्ण वेळ ठेवा. कुणी मधेच उठून बाहेर आलं तर पाणी द्यावं, कारण विचारू नये.