रिपासिंगला गाडी नेताय? चासी नंबर, इंजिन नंबर शोधताना या चुका टाळा

पंधरा वर्षं झालेली मोटरसायकल रिपासिंगला, म्हणजे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत, न्यायची म्हटलं की लोक आदल्या दिवशी इंडिकेटरचे बल्ब बदलतात, हॉर्न वाजवून बघतात, पीयूसी काढतात आणि गाडी घासूनपुसून लख्ख करतात. आरटीओचा निरीक्षक मात्र गाडीजवळ आला की आधी हँडलपाशी वाकतो. चासी नंबर (म्हणजे गाडीच्या फ्रेमवर कोरलेला नंबर), इंजिन नंबर आणि आरसीवरचे, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचे आकडे यांचा मेळ बसला तरच बाकीच्या तपासणीला अर्थ असतो. ब्रेक लाइट लागत नसेल तर शेजारच्या गॅरेजवाल्याकडून तासाभरात करून आणता येतो. नंबर जुळला नाही तर फाइल अडकलीच म्हणून समजा.

यात मालकाचीही फारशी चूक नसते. नव्या गाडीचं पासिंग डीलर परस्पर उरकतो. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर तर अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेली नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी आरटीओत न्यावीही लागत नाही. त्यामुळे गाडीच्या अंगावरचा नंबर अनेकांनी डोळ्यांनी कधी पाहिलेलाच नसतो. तो शोधायची वेळ येते ती रिपासिंगला, नाहीतर परराज्यातली गाडी एमएच करून घेताना. सावंतवाडीत राहून गोव्याच्या जीए नंबरची गाडी फिरवणारे कमी नाहीत. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली की नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठीही निरीक्षकापुढे उभं राहावं लागतं.

चुकीच्या जागी शोधणं

बहुतेक मोटरसायकलींत चासी नंबर फ्रेमच्या पुढच्या टोकाला, हँडलचा दांडा ज्या जाड नळीत फिरतो त्या नळीवर कोरलेला असतो. सहसा उजव्या अंगाला, काही मॉडेलमध्ये डावीकडे. गाडी मेन स्टँडवर घ्या आणि हँडल पूर्ण डावीकडे वळवा. उजवा शॉकअप पुढे सरकतो आणि टाकी व शॉकअप यांच्या मधली जागा मोकळी होते. त्यावर वायरिंगचा झुपका, क्लचची नाहीतर अॅक्सिलरेटरची केबल असेल तर हाताने हलकेच बाजूला धरा. केबल ओढू नका आणि वायरिंगची टेप तर कापूच नका. जुन्या वायरिंगला तेवढं निमित्त पुरतं, आणि नेमकं तपासणीच्या रांगेत हेडलाइट बंद पडतो.

इंजिन नंबर इंजिनच्या खालच्या भागावर, क्रँककेसवर असतो. बऱ्याच गाड्यांत तो डावीकडे गिअरच्या पायडलाजवळ सापडतो. तिथे चेनचं ऑइल आणि रस्त्याची धूळ मिळून असा थर बसलेला असतो की खाली नंबर आहे यावर विश्वास बसू नये.

स्कूटरवाल्यांचं काम जास्त किचकट, कारण फ्रेम सगळी प्लास्टिकखाली झाकलेली. मॉडेलप्रमाणे नंबर सीटखालची डिकी काढल्यावर दिसतो, फुटबोर्डखाली असतो, नाहीतर मागच्या चाकाजवळ. इंजिनच मागच्या चाकाला चिकटून असल्यामुळे इंजिन नंबरही तिथेच, चिखलात. उगाच सगळी कव्हरं उघडत बसण्यापेक्षा गाडीबरोबर आलेलं मालक-पुस्तिकेचं पान काढा, त्यात दोन्ही जागा चित्रासकट दाखवलेल्या असतात. पुस्तिका हरवली असेल तर त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला मेकॅनिक उभ्या उभ्या बोट दाखवून सांगेल. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन नंबर नसतो, तिथे मोटर नंबर बघतात. बॅटरीवरचा सिरीयल नंबर म्हणजे मोटर नंबर नव्हे.

उठावाचा आकडा म्हणजे इंजिन नंबर, असा समज

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. क्रँककेस साच्यात ओततानाच त्यावर काही अक्षरं आणि आकडे उमटवलेले असतात. ती अक्षरं धातूच्या वर आलेली असतात, बोट फिरवलं की हाताला लागतात, आणि लांबूनही ठळक दिसतात. तो सुट्या भागाचा क्रमांक. त्या मॉडेलच्या हजारो गाड्यांवर हाच क्रमांक असतो. खरा इंजिन नंबर खोल ठोकलेला असतो, एका सपाट केलेल्या छोट्या पट्टीवर, आणि त्यात मळ भरल्यामुळे तो लगेच नजरेत येत नाही. वर आलेलं ते सोडायचं, आत गेलेलं ते वाचायचं.

असाच घोळ स्टिकर आणि रिबीट मारलेल्या पत्र्याच्या बाबतीत होतो. फ्रेमवर कंपनीने लावलेली पट्टी असते, तिच्यावर चासी नंबर स्वच्छ छापलेला असतो. वाचायला सोयीची, पण पुरावा म्हणून चालत नाही. पट्टी काढून दुसऱ्या गाडीवर लावता येते, म्हणून निरीक्षक धातूवरचाच नंबर बघणार. हाय सिक्युरिटी नंबरप्लेटवर लेझरने कोरलेला जो क्रमांक असतो तो प्लेटचा. त्याचा आणि चासीचा काही संबंध नाही.

नंबर घासणं

आता सगळ्यात महागात पडणाऱ्या चुकीकडे येऊ. नंबर दिसत नाही म्हणून माणूस पॉलिश पेपर घेतो. त्याने भागलं नाही तर वायर ब्रश. आणि गॅरेजमधला उत्साही पोरगा असेल तर, "थांबा दादा, ग्राइंडर मारतो." नंबरची खोली मिलिमीटरच्या अंशात असते. रंगाचा थर निघेपर्यंत अक्षरांच्या कडाही उडतात. तीन आणि आठ सारखे दिसू लागतात, पाच आणि सहामधला फरक जातो. पण त्याहून वाईट म्हणजे नंबरभोवतीचा पृष्ठभाग. गाडीची बाकी फ्रेम पंधरा वर्षांची काळवंडलेली आणि नंबरचीच जागा चमकतेय, तीवर आडव्यातिडव्या रेघा आहेत, असं दिसलं की निरीक्षकाला पहिली शंका येते ती छेडछाडीची. चोरीच्या गाडीवर नंबर बदलताना हेच करतात: घासतात आणि वर नवा ठोकतात. तुम्ही प्रामाणिकपणे साफसफाई केली हे त्या धातूवर कुठे लिहिलेलं नसतं. मग इतर तपास, चोरीच्या गाड्यांच्या नोंदींशी पडताळणी, उत्पादक कंपनीकडून खातरजमा अशी साखळी सुरू होते, आणि निरीक्षकाने ती सुरू केली तर त्याला दोष देता येत नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

साफ करायचं ते असं. चिंधीला थोडं डिझेल किंवा रॉकेल लावून त्या जागेवर पाचदहा मिनिटं दाबून ठेवा. मळ मऊ झाला की जुन्या टूथब्रशने अक्षरांच्या दिशेने हलक्या हाताने घासा आणि कोरड्या कापडाने पुसा. वर रंग बसलेला असेल तर पेंट रिमूव्हर कापसावर घेऊन फक्त तेवढ्याच जागी लावा. नंतर पांढरा खडू आडवा धरून नंबरावरून फिरवा आणि बोटाने वरवर पुसून टाका. खडूची पूड खाचांमध्ये राहते आणि काळ्या फ्रेमवर पांढरी अक्षरं उठून दिसतात. फोटो काढायचा तर फ्लॅश बंद ठेवा, टॉर्च समोरून न धरता बाजूने तिरपा धरा. समोरच्या उजेडात अक्षरं सपाट होतात, तिरप्या उजेडात त्यांची सावली पडते.

पावडर कोटिंग करणाऱ्यांना तर हे आधीच सांगून ठेवायला हवं. जुनी बुलेट किंवा यामाहा आरएक्स उघडून फ्रेम कोटिंगला दिली की कोटिंगवाला आधी तिला सँडब्लास्टिंग करतो. म्हणजे वाळूच्या माऱ्याने अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि वर जाड पावडरचा थर भट्टीत भाजून त्या खाचा बुजतात. दोन्ही बाजूंनी नुकसान. फ्रेम देताना नंबरच्या जागेवर मास्किंग करायला, म्हणजे ती जागा झाकून घ्यायला सांगा, तुमच्या डोळ्यांदेखत करून घ्या आणि देण्यापूर्वी नंबरचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. नंतर ती जागा साध्या ब्रशने पातळ रंगवली तरी चालते.

पेन्सिल प्रिंट

आरटीओच्या काही अर्जांवर चासी नंबरची पेन्सिल प्रिंट, म्हणजे नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा, लावावी लागते. नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये तिच्यासाठी जागा आहे, परराज्यात जाण्यासाठी एनओसीचा (ना हरकत प्रमाणपत्राचा) जो फॉर्म २८ असतो त्यावरही ती लागते. लोक वहीचं जाड पान आणि टोकदार एचबी पेन्सिल घेतात. टोक खाचेत शिरतं, कागद फाटतो आणि हाती येतात नुसत्या रेघा.

कागद पातळ हवा, पेन्सिल मऊ हवी, चित्रकलेची ४बी किंवा ६बी. जागा पूर्ण कोरडी हवी, डिझेलचा अंशही राहिला तर कागद तेलकट होतो. कागदाची अरुंद पट्टी कापा, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून नळीवर ताणून बसवा, कारण पृष्ठभाग गोल असतो आणि कागद जरा सरकला की अक्षरं दुहेरी उमटतात. पेन्सिल आडवी धरा, एकाच दिशेने, सारख्या दाबाने फिरवा. कागद काळा होत जातो आणि नंबर पांढरा उमटतो. एकदम चार-पाच प्रिंट काढून ठेवा, पुढच्या कामाला लागतातच.

नंबरच्या सुरुवातीला आणि शेवटी बऱ्याचदा तारा किंवा दुसरी एखादी खूण ठोकलेली असते. नंबर तिथे सुरू झाला आणि तिथे संपला एवढंच ती सांगते, मागेपुढे आणखी आकडा जोडता येऊ नये म्हणून. ती नंबरचा भाग नव्हे, पण प्रिंटमध्ये दोन्ही टोकांच्या खुणा आलेल्या असाव्यात.

आरसीवर आहे म्हणजे बरोबरच असेल

हे गृहीत धरू नका. आताच्या गाड्यांचा चासी नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून. तेव्हा १७ अंकी नंबरात आरसीवर ओ दिसला तर तो शून्य आहे, टाइप करणाऱ्याने चुकवलाय. पहिली तीन अक्षरं उत्पादकाची: बजाजच्या गाडीला एमडी२, टीव्हीएसला एमडी६, हिरोला एमबीएल, रॉयल एनफिल्डला एमई३. तिथेच वेगळं काही दिसलं तर वाचताना चूक झाली आहे किंवा त्याहून गंभीर काहीतरी आहे. आठ आणि बी, पाच आणि एस, दोन आणि झेड, शून्य आणि डी या जोड्या पुन्हा पुन्हा तपासा. जुन्या गाड्यांचे नंबर याहून छोटे असतात आणि त्यांना हे नियम लागू नाहीत. इंजिन नंबरालाही नाहीत.

जुन्या आरसी बुकातली हस्ताक्षरातली माहिती संगणकात चढवताना चुका झाल्या आहेत आणि त्या वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात आलेल्या नाहीत. म्हणून धातूवरचा नंबर, आरसी, विम्याची पॉलिसी आणि घरात सापडलं तर डीलरचं मूळ बिल, हे सगळं एकत्र मांडून एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचा. दोघं असाल तर एकाने वाचावं, दुसऱ्याने ताडावं. विम्यात चूक असेल तर विमा कंपनी दुरुस्ती करून देते. आरसीत असेल तर दुरुस्तीचा अर्ज आधी करायचा, तपासणीची वेळ नंतर घ्यायची. नोंदणीची मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, ते दिवस यासाठी वापरा.

इंजिन बदललंय आणि कागद नाही

कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेस फुटली, गॅरेजवाल्याने जुन्या बाजारातून "अर्धं इंजिन" आणून बसवलं, गाडी सुरू झाली आणि सगळे विसरले. रिपासिंगला तेच इंजिन दुसऱ्याच गाडीचा नंबर दाखवतं. ती दुसरी गाडी चोरीची निघाली तर प्रकरण पोलिसांत जातं. इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. जुनं इंजिन घेताना विकणाऱ्याचं बिल आणि त्या मूळ गाडीची कागदपत्रं मागा, देत नसेल तर ते इंजिन घेऊ नका, कितीही स्वस्त असो. कंपनीकडून नवी क्रँककेस घेतली तर ती बहुधा कोरी येते. तिच्यावर गॅरेजमध्ये जुना नंबर ठोकून घेणं ही छेडछाडच, हेतू चांगला असला तरी. बिल घेऊन आरटीओकडे जा, परवानगी घ्या आणि आरसीत नोंद करून घ्या.

गंजाने नंबर खाल्ला असेल तरी हेच लागू. कोकणात, समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे होतं. पंच आणि हातोडी हातात घेऊ नका. नंबरचा जेवढा भाग वाचता येतो त्याचे फोटो, इंजिन नंबर आणि मूळ कागद घेऊन नोंदणी कार्यालयात अर्ज करा. पुन्हा पंचिंग करायचं की नाही आणि कसं, हे ते ठरवतील.

जुनी गाडी विकत घेताना हीच पाहणी पैसे देण्याआधी करायची. मालक म्हणेल, "अहो, नंबर आहे की, बघायचं काय त्यात?" तरी वाका, हँडल डावीकडे वळवा आणि टॉर्च तिरपा धरून बघा. नंबरची जागा बाकी फ्रेमपेक्षा चमकत असेल किंवा तेवढीच ताजी रंगवलेली असेल, तर टोकनसुद्धा देऊ नका.