पीक विम्याच्या क्लेमचं काम सोडताना

सोयाबीन काढणीच्या ऐन धामधुमीत राजीनामा देऊ नका. पंचनाम्यांचा ढीग असला की रिलीव्हिंग लेटर रखडतं. नवीन ऑफर लेटर हाती आल्यावरच राजीनामा द्या, तोही ईमेलनं.

हँडओव्हरची यादी मन लावून करा: क्लेम क्रमांक, गाव, गट नंबर, शेतकऱ्यानं नुकसानीची ७२ तासांत दिलेली सूचना, कोणता कागद अडला. तुमच्या जाण्यानं शेतकऱ्याची फाईल धूळ खात पडायला नको.

पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा क्रमांक) ट्रान्सफर करा. कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर २ महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर स्वतः भरता येते.

बँकेच्या पीककर्ज विभागात मुलाखत असेल तर नुसतं 'क्लेम पाहायचो' म्हणू नका. सातबारा वाचता येतो, बांधावर उभं राहून नुकसान मोजता येतं, हे सांगा.