विषय सुचत नाही? रोज एक ओळ टिपा

नव्याने लिहिणाऱ्यांची नेहमीची अडचण: कागद पुढ्यात घेतला की डोकं कोरं. त्यामुळे विषय शोधायचं काम त्या वेळेवर ठेवूच नका, ते दिवसभरात आधीच उरकून घ्या.

१. खिशात छोटी वही ठेवा, नाहीतर मोबाईल आहेच. रोज एकच नोंद, पण जशीच्या तशी. 'काळजीत पडलेले आजोबा' असं लिहिलंत तर आठवड्याने त्यातून काहीही आठवणार नाही. 'रांगेतले आजोबा पावतीची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते' असं लिहा. कानावर पडलेलं वाक्यही त्याच शब्दांत हवं: 'हो हो, ठेवतो' असं म्हणत फोन न ठेवणारा माणूस. आणि लगेच टिपा, रात्रीपर्यंत शब्द बदलतात. (वही देखणी घेऊ नका. तिच्यात किरकोळ काही लिहायला हात धजत नाही आणि आपल्याला तर किरकोळच हवंय.)

२. लिहायला बसाल तेव्हा एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन नोंदी उचला. तो फोन त्या आजोबांनाच आला असेल तर?

३. दहा मिनिटांचा गजर लावा. तोवर खाडाखोड नाही.

एक काळजी मात्र घ्या. ओळखीच्या माणसावरून लिहिताना नुसतं नाव बदलून भागत नाही; वय, नातं, कामधंदा यातलंही काहीतरी बदला. विश्वासाने सांगितलेलं गुपित तर वहीतही नको.